बर्फावरची वहिवाट

अमेरिकेच्या एकूण भूभागापैकी सुमारे २८ टक्के, म्हणजे जवळपास ६४ कोटी एकर जमीन तेथील केंद्र सरकारच्या मालकीची आहे, आणि तिचा बहुतांश भाग अलास्कात व रॉकी पर्वताच्या आसपासच्या पश्चिमी राज्यांत एकवटलेला असल्यामुळे मोंटाना, आयडाहो किंवा वायोमिंगमधील माणसाच्या घरामागचा डोंगर हा बहुधा सरकारी डोंगर असतो. या जमिनीला तेथे 'पब्लिक लँड', म्हणजे लोकांची जमीन, असे म्हणतात. मराठीत 'सरकारी जमीन' हा शब्द उच्चारताच ती आपली नाही, तेथे जायचे तर कोणाची तरी परवानगी लागेल, असा भाव मनात येतो आणि गावाच्या सामायिक वापराची जाणीव 'गायरान' या निराळ्या शब्दात उरते. अमेरिकी पश्चिमेत मात्र मालकी सरकारची आणि वहिवाट गावाची या दोन्ही कल्पना एकाच शब्दात कोंबलेल्या आहेत. त्या डोंगरांत स्नोमोबाईल चालवणाऱ्यांचा गेल्या काही दशकांतील संताप समजून घ्यायचा तर याच ठिकाणापासून सुरुवात करावी लागते, कारण कायदा ज्याला परवानगी मागे घेणे म्हणतो त्यालाच हा माणूस आपली वाट बुजवणे म्हणतो.

स्नोमोबाईल म्हणजे पुढे दोन स्की आणि मागे फिरणारा दातेरी रबरी पट्टा असलेले, मोटारसायकलसारखे हँडल धरून चालवायचे बर्फावरचे वाहन. त्याचा उगम करमणुकीत नाही. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातील यंत्रज्ञ जोसेफ-आर्मां बोंबार्दिए याचा लहान मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात, बर्फाने वाटा बंद असल्यामुळे रुग्णालयात नेता न आल्याने, दगावला, आणि त्यानंतर काही वर्षांत बोंबार्दिएने तयार केलेली मोठी, बंदिस्त बर्फवाहने डॉक्टर, टपाल आणि शाळेतील मुले यांच्या ने-आणीसाठी वापरली जाऊ लागली. १९५९ मध्ये त्याच्या कारखान्यातून 'स्की-डू' हे एका-दोघांसाठीचे हलके वाहन बाहेर पडले, मिनेसोटातील पोलारिस व आर्क्टिक कॅट या कंपन्याही याच सुमारास धंद्यात उतरल्या, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत गरजेचे साधन सुट्टीचे साधन झाले. उत्तरेकडे मात्र ते गरजेचेच राहिले. फिनलंडमधील स्कोल्ट सामी लोकांची रेनडिअर राखण्याची सारी रीत १९६० च्या दशकात या यंत्राने पालटून टाकली, आणि अलास्कातील संरक्षित भूमीसंबंधीच्या १९८० च्या कायद्याने पारंपरिक कामांसाठी व गावोगावच्या येण्याजाण्यासाठी स्नोमोबाईलला राखीव क्षेत्रांतही मुभा ठेवली. इतरत्र ज्या राखीव रानात यंत्र नेणे गुन्हा आहे तशाच रानात अलास्कातील गावकरी ते कायद्याने नेऊ शकतो, हा भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे, कारण मोंटानातील स्नोमोबाईलस्वार जेव्हा 'आमच्या आजोबांपासून आम्ही येथे जात आलो' असे म्हणतो तेव्हा त्याचा दावा याच जातीचा असल्याचा भास होतो. त्याच्या दाव्यात उपजीविका नसते, वहिवाट मात्र असते.

हा दावा त्याच्याच शब्दांत मांडला तर असा: बर्फ चार-सहा फूट साचल्यावर जमिनीला यंत्राचा स्पर्शही होत नाही आणि वसंतात बर्फ वितळला की पट्ट्याची एक रेघदेखील उरत नाही, जंगलातील हिवाळी मार्ग सपाट करून राखण्याचा खर्च मुख्यतः त्याच्याच नोंदणी-शुल्कातून आणि गावोगावच्या क्लबांच्या अंगमेहनतीतून भागतो, आणि एवढे असूनही दर दहा-पंधरा वर्षांनी वनखात्याची नवी योजना आली की त्याच्यासाठी खुला असलेला प्रदेश आणखी आक्रसतो, परत कधी वाढत नाही. यातील पहिले विधान अर्धसत्य आहे, दुसरे खरे आहे, आणि तिसऱ्या विधानात या संतापाचे खरे बळ आहे.

पहिल्याबद्दल थोडक्यात एवढेच सांगता येईल, की हिवाळ्यातील हानी मातीला नव्हे, प्राण्याच्या शिलकीला होते. एल्क हरिण किंवा मूस हिवाळाभर शरद ऋतूत साठवलेल्या चरबीवर तग धरतो. यंत्राच्या आवाजाने त्याला छातीभर बर्फातून पळावे लागले तर खर्च झालेली शक्ती भरून काढायला चारा उरलेला नसतो. अशा हानीची खूण वसंतात जमिनीवर शोधून सापडणारी नसते.

नियमांचा इतिहास या संतापाला आकार देतो. १९६४ च्या विल्डरनेस कायद्याने 'विल्डरनेस' हा कायदेशीर दर्जा निर्माण केला. असा दर्जा मिळालेल्या रानात रस्ता, इमारत आणि कोणतेही यांत्रिक वाहन चालत नाही, आणि हा दर्जा देण्याचा अधिकार फक्त संसदेला, म्हणजे काँग्रेसला, आहे. सुरुवातीला सुमारे ९१ लाख एकर असलेले हे क्षेत्र आज ११ कोटी एकरांपलीकडे गेले आहे. १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी काढलेल्या आदेशाने सर्व संघीय जमिनींवर रस्त्याबाहेर चालणाऱ्या वाहनांसाठी जागा ठरवून द्याव्यात, आणि त्या ठरवताना माती, झाडोरा व वन्यजीवांना होणारा उपद्रव तसेच इतर वापरकर्त्यांशी येणारा संघर्ष कमीत कमी राखावा, असे बंधन घातले. वनसेवेने, म्हणजे १९ कोटी एकरांहून अधिक राष्ट्रीय वने सांभाळणाऱ्या खात्याने, २००५ मध्ये चाकांच्या वाहनांसाठी तसा नियम केला, पण बर्फावरील वाहनांना त्यातून वगळण्याची मुभा आपल्याकडे ठेवली. यंत्राविना हिंडणाऱ्या स्कीवाल्यांच्या संघटनेने तिला न्यायालयात आव्हान दिले, २०१३ मध्ये आयडाहोतील संघीय न्यायालयाने ती मुभा १९७२ च्या आदेशाशी विसंगत ठरवली, आणि २०१५ पासून पुरेसा बर्फ पडणाऱ्या प्रत्येक वनाने आपल्या हद्दीत स्नोमोबाईल कोठे चालेल हे नकाशावर आखून देणे बंधनकारक झाले. कायद्याच्या भाषेत हा किरकोळ बदल वाटतो. पूर्वी बंदीची पाटी नसेल तेथे जाता येत असे. आता परवानगीची खूण नसेल तेथे जाता येत नाही. एकाही एकरावर नवी हरकत न घेता, केवळ मौनाचा अर्थ उलटा करून, जमिनीवरील वहिवाटीचे रूपांतर परवान्यात करणारा हा फरक स्नोमोबाईलस्वाराला जितका तीव्रतेने जाणवला तितका तो शहरातील वाचकाला जाणवणे कठीण आहे.

तरीही बंदीच्या बाजूने एक युक्तिवाद असा आहे की ज्याला स्नोमोबाईल संघटनांनी आजवर सरळ उत्तर दिलेले दिसत नाही. मैदानी करमणुकीचा अभ्यास करणारे संशोधक एकतर्फी संघर्ष अशी एक संज्ञा वापरतात, आणि तिचे गाजलेले उदाहरण १९८० च्या दशकाच्या आरंभी कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात स्कीवाले व स्नोमोबाईलवाले यांच्याच अभ्यासातून पुढे आले: स्कीवाल्याला यंत्राची गाठ पडली की त्याचा दिवस बिघडतो, यंत्रावरच्याला मात्र स्कीवाला भेटल्याने फारसा फरक पडत नाही. म्हणून 'सर्वांनी मिळून वाटून घ्यावे' हे उदार वाटणारे आवाहन प्रत्यक्षात एकाच पक्षाच्या सोयीचे ठरते. यंत्र एका सकाळी संपूर्ण खोरे नांगरल्यासारखे उकरून जाऊ शकते, त्याचा आवाज दोन डोंगर ओलांडतो, आणि दोन तास घाम गाळून कडा चढलेल्या माणसाच्या वाट्याला उकरलेला बर्फ व पेट्रोलचा वास येतो. हे घडवून आणण्यासाठी स्वाराच्या मनात वाईट हेतू असण्याची गरजच नसते. हद्द आखल्याशिवाय शांततेला जागा मिळत नाही, कारण शांतता स्वतःची जागा राखू शकत नाही.

पण याच्या उलट दिशेने जाणारा दुसरा एकतर्फीपणा नकाशावर आहे, आणि त्याकडे बंदीचे समर्थक डोळेझाक करतात. प्रदेश खुला ठेवण्याचा निर्णय पुढच्या योजनेपुरता असतो; बंद करण्याचा निर्णय पुढच्या योजनेत गृहीतक होऊन बसतो. सायकलच्या मागच्या चाकातील कुत्रा, म्हणजे दात्यांत अडकणारी खिट्टी, जसा चाकाला एकाच दिशेने फिरू देतो, तशी ही व्यवस्था आहे. तिचे सर्वांत स्पष्ट रूप 'शिफारस केलेले विल्डरनेस' या प्रकारात दिसते. वनसेवा आपल्या योजनेत एखाद्या प्रदेशाची काँग्रेसकडे शिफारस करते. शिफारस म्हणजे दर्जा नव्हे. पण मोंटाना व उत्तर आयडाहो सांभाळणाऱ्या विभागाने अशा प्रदेशांतूनही यंत्रे बाहेर काढण्याचे धोरण धरले, आणि त्यामागचे कारण मासलेवाईक आहे: तेथे यंत्रांची वहिवाट रुजली तर पुढे काँग्रेसला तो दर्जा देणे राजकीयदृष्ट्या अवघड जाईल. आयडाहो-मोंटाना सीमेवरील 'ग्रेट बर्न' हा प्रदेश, ज्याचे नाव १९१० च्या प्रचंड वणव्यावरून पडले, २०११ च्या प्रवास-योजनेने याच रीतीने स्नोमोबाईलला बंद झाला. जो निर्णय संसदेने अजून घेतलेला नाही तो खात्याने आधीच अमलात आणावा, आणि त्याचे कारण लोकांचा विरोध वाढू नये हे असावे, ही गोष्ट लोकशाहीच्या कोणत्याही साध्या कसोटीवर टिकत नाही.

मोंटानातील १९७७ चा कायदा या गोंधळाचा कळस आहे. सिनेटर ली मेटकाफ यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या कायद्याने राज्यातील नऊ प्रदेश अभ्यासासाठी बाजूला ठेवले, आणि काँग्रेस अंतिम निर्णय घेईपर्यंत त्यांचे १९७७ मध्ये होते तसे रानपण टिकवावे असे वनसेवेला सांगितले. त्यांपैकी सात प्रदेशांचा निर्णय जवळपास पाच दशके लोटली तरी झालेला नाही. दरम्यान त्या 'होते तसे' या शब्दांचा अर्थ लावण्याचे काम न्यायालयांवर आले. बोझमन शहराच्या दक्षिणेकडील गॅलेटिन डोंगररांगेसाठी वनसेवेने २००६ मध्ये आखलेल्या योजनेविरुद्ध खटला होऊन २०११ मध्ये अपील न्यायालयाने असे म्हटले, की केवळ रान शाबूत राहिले एवढे पाहून भागणार नाही, १९७७ नंतर यंत्रांची वर्दळ किती वाढली आणि त्यामुळे तेथील एकांताला काय झाले हेही तपासले पाहिजे. पुढे बिटररूट वनाच्या २०१६ च्या योजनेने सॅफायर व ब्लू जॉइंट या दोन अभ्यास-प्रदेशांतून स्नोमोबाईल आणि सायकल दोन्ही हद्दपार केल्या.

येथे स्नोमोबाईलवाल्यांच्या युक्तिवादातील एक फट उघडी पडते. त्यांचा सारा भर वहिवाटीवर आहे, आणि वहिवाट म्हणजे तीच वाट, तशाच रीतीने, सातत्याने. १९७७ चे यंत्र आखूड पट्ट्याचे होते, खोल भुसभुशीत बर्फात रुतून बसत असे, आणि म्हणून बहुधा रस्त्यावर व कुरणात फिरे. आजच्या डोंगरी स्नोमोबाईलचा पट्टा १५४ ते १७४ इंच परिघाचा असतो, त्याचे दाते तीन इंचांपर्यंत लांब असतात, आणि ते अशा उतारांवर चढते की जेथे पूर्वी पायी जाणेही मुश्किल होते. आजोबांनी ज्या पायवाटेने बैल नेले त्या वाटेवरून नातवाने ट्रक नेला तर ती वहिवाट राहते का, हा प्रश्न गावच्या तंट्यातही विचारला जातो. यंत्राची ताकद वाढत गेली म्हणून हद्दी आखाव्या लागल्या, आणि हद्दी आखल्या गेल्या म्हणून उरलेल्या जागेत गर्दी वाढली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, पण स्वाराच्या कथनात फक्त दुसरी येते.

सरसकट बंदी आणि सरसकट मोकळीक यांच्यामध्ये काही असू शकते की नाही, याचे उत्तर यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाने फार मोठी किंमत मोजून शोधले. १९६३ मध्ये तेथे पहिल्या स्नोमोबाईल शिरल्या. १९९० च्या दशकात हिवाळ्यात दिवसाला सरासरी आठशेच्या घरात यंत्रे येऊ लागली. ती टू-स्ट्रोक इंजिनांची होती, म्हणजे वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळलेले आणि इंधनाचा बराच भाग न जळताच धुराड्यातून बाहेर टाकणारी. पश्चिम दरवाजावरच्या कर्मचाऱ्यांच्या खोपटात बाहेरून ताजी हवा सोडावी लागत असे. १९९६-९७ च्या कडक हिवाळ्यात उद्यानाबाहेर आलेले हजाराहून अधिक गवे, म्हणजे बायसन, मारले गेले. स्नोमोबाईलसाठी सपाट केलेल्या वाटांनीच ते बाहेर आले असा आरोप करत प्राणिहक्कवादी संघटनेने खटला भरला, आणि त्यातून हिवाळी वापराचा पुनर्विचार सुरू झाला. क्लिंटन सरकारने जाता जाता स्नोमोबाईल टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम केला, बुश सरकारने तो बदलला, डिसेंबर २००३ मध्ये वॉशिंग्टनमधील न्यायाधीशाने हंगाम उघडण्याच्या आदल्या दिवशी बुश सरकारचा नियम रद्द केला, आणि दोन महिन्यांत वायोमिंगमधील न्यायाधीशाने क्लिंटन सरकारच्या नियमाला स्थगिती दिली. एकाच उद्यानासाठी दोन न्यायालयांचे दोन परस्परविरोधी आदेश, आणि वेस्ट यलोस्टोन गावातील हॉटेलवाल्याला व यंत्र भाड्याने देणाऱ्याला येत्या आठवड्यात धंदा आहे की नाही याचा पत्ता नाही, अशी ही अवस्था होती. दैनंदिन मर्यादा प्रथम ७२०, मग ५४०, मग ३१८ अशा बदलत गेल्या.

२०१३ मध्ये ठरलेल्या अंतिम नियमाने मोजण्याचे एककच बदलले. वाहने मोजण्याऐवजी उद्यानाने फेऱ्या मोजायला सुरुवात केली; एक फेरी म्हणजे एकत्र जाणारा स्नोमोबाईलचा गट किंवा प्रवासी वाहून नेणारी एक बर्फगाडी. दिवसाला ११० फेऱ्या, त्यांतील जास्तीत जास्त ५१ स्नोमोबाईल गटांच्या, गटात कमाल दहा यंत्रे पण हंगामाची सरासरी सातपेक्षा अधिक नाही, आवाज व धूर यांची ठरलेली मर्यादा पाळणारीच यंत्रे, आणि बहुतेक गटांबरोबर परवानाधारक वाटाड्या. गव्याला किंवा हंसाला पाच यंत्रे एकामागोमाग गेली तर एकदाच दचकावे लागते, पाच वेळा सुटी सुटी गेली तर पाचदा, एवढी साधी गोष्ट पंधरा वर्षांच्या कज्जेदलालीनंतर नियमात आली. यात कारखानदारांचा वाटाही नोंदवला पाहिजे, कारण हा वाद चालू असतानाच कमी आवाजाची फोर-स्ट्रोक यंत्रे बाजारात आली. मात्र यलोस्टोनचा धडा जसाच्या तसा राष्ट्रीय वनांना लावता येत नाही. उद्यानाला मोजके दरवाजे आहेत आणि यंत्रांना फक्त रस्त्यावरून जायचे आहे. वनाला शेकडो वाटा फुटतात आणि डोंगरी स्वाराला रस्ता नकोच असतो, त्याला अस्पर्श उतार हवा असतो. त्याची आवड आणि स्कीवाल्याची आवड यांत फारसे अंतर नाही, हे या भांडणातील एक विचित्र सत्य आहे.

स्थानिक विरुद्ध राष्ट्र हा पैलू वरचेवर पुढे केला जातो, आणि तो खोटा नाही. मिनेसोटातील ईली या गावात १९७७ मध्ये बाउंड्री वॉटर्स या सरोवरप्रदेशाच्या संरक्षणावर जाहीर सुनावणी झाली, तेव्हा निसर्गलेखक सिगर्ड ओल्सन यांचा पुतळा त्यांच्याच गावकऱ्यांनी फासावर लटकवला. पुढच्याच वर्षी झालेल्या कायद्याने तेथील बहुतेक स्नोमोबाईल मार्ग बंद झाले, आणि तेही ज्या राज्यात ही यंत्रे तयार होतात त्या राज्यात. दूरच्या शहरातील मतदार ज्या रानात कधी पाऊल ठेवणार नाही त्याच्यासाठी ईलीच्या माणसाने आपला हिवाळा सोडून द्यावा, हे मागणे कठोर आहे. पण 'लोकांची जमीन' हा दावा पश्चिमेतील लोक जेव्हा पिढ्यांच्या हिशेबाने करतात तेव्हा तो हिशेब सोयीच्या ठिकाणी थांबतो; शोशोनी, ब्लॅकफीट, नेझ पर्स या जमातींची वहिवाट त्याच डोंगरांत हजारो वर्षांची होती आणि ती कोणत्याही जाहीर सुनावणीविना संपवली गेली. तीन पिढ्यांच्या वहिवाटीला न्याय हवा असेल तर तो मागण्याचा सूर थोडा खालचा असणे योग्य ठरेल.

सुनावण्यांची रीतच संतापात भर घालते. कायद्याने वनसेवेला नागरिकांची मते मागवावी लागतात, पण ती मते मोजली जात नाहीत, फक्त त्यांतील मुद्द्यांना उत्तर दिले जाते. हजार माणसांनी लिहिलेले 'आमचे खोरे बंद करू नका' हे वाक्य एकच मुद्दा धरले जाते. ही रीत तत्त्वतः बरोबर आहे, कारण जंगलाचा निर्णय हात वर करून घ्यायचा नसतो. पण शनिवार मोडून शंभर मैल गाडी हाकत सभेला आलेल्या माणसाला ती तशी कोणी समजावून सांगत नाही, आणि त्याची खात्री पटते की निर्णय आधीच झाला होता. 'शिफारस केलेल्या' प्रदेशांच्या बाबतीत त्याची ही शंका अगदीच निराधार नसते, हे वर आलेच आहे.

आयडाहोच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेलगत, सेल्कर्क डोंगरात कॅरिबूचा, म्हणजे रेनडिअरच्याच जातीच्या हरणाचा, अलास्का वगळता अमेरिकेतील शेवटचा कळप हिवाळ्यात उंच कड्यांवर जुन्या झाडांवर लोंबणारे शेवाळासारखे दगडफूल खाऊन राहत असे. २००० च्या दशकाच्या मध्यास न्यायालयाच्या आदेशाने तेथील मोठा प्रदेश स्नोमोबाईलला बंद झाला. कळप तरीही वाचला नाही; २०१८ मध्ये तीन माद्या उरल्या आणि २०१९ च्या जानेवारीत शेवटचा प्राणी पकडून कॅनडात नेण्यात आला. ऱ्हासाचे मुख्य कारण जुन्या जंगलाची तोड होते. तोडलेल्या जागी उगवलेल्या झुडपांवर मूस व इतर हरणे वाढली, त्यांच्यामागे लांडगे व कूगर आले, आणि वाटेत सापडलेला कॅरिबू संपला. जंगल तोडून नफा कमावणारे निघून गेले आणि किंमत रविवारच्या स्वाराने मोजली, ही स्नोमोबाईलवाल्यांची तक्रार या प्रकरणात तरी खोडून काढता येत नाही. तिच्यातून बंदी चुकीची होती असे मात्र निघत नाही, कारण चाळीसेक प्राण्यांच्या कळपासाठी उरलेल्या मोजक्या उपायांत तोच लगेच हाती असलेला उपाय होता.

आता असाच प्रश्न वुल्वरीनच्या निमित्ताने उभा राहत आहे. पाणमांजराच्या कुळातील हा दणकट, एकलकोंडा प्राणी अलास्का वगळता अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये संकटग्रस्त जाहीर झाला. त्याची मादी फेब्रुवारीच्या सुमारास उंचावरील खोल, टिकाऊ बर्फात बीळ करून पिले घालते आणि मे महिन्यापर्यंत तो बर्फ तिला हवा असतो. आयडाहो व आसपासच्या डोंगरांत झालेल्या एका दीर्घ अभ्यासात स्नोमोबाईलस्वारांनी व स्कीवाल्यांनी स्वतः खिशात जीपीएस यंत्रे वागवून आपल्या वाटा संशोधकांना मोजू दिल्या, आणि निष्कर्ष दोघांनाही गैरसोयीचा निघाला: वुल्वरीन यंत्रे टाळतात तसे यंत्राविना येणारी माणसेही टाळतात. हवामान तापत चालल्याने खालच्या उतारांवरील बर्फ दरवर्षी लवकर ओसरतो, म्हणून मार्चमध्ये भुसभुशीत बर्फ शोधणारा स्वार अधिक वर चढतो, त्याच्या मागून स्कीवालाही चढतो, आणि पिले असलेल्या मादीला त्याहून वर जायला डोंगर उरत नाही.